उन्हाची मोजणी

"ऊन ही सगळ्या मानवजातीची मालमत्ता आहे. तिच्यावर ना सरकारचा अधिकार चालतो, ना सोसायटीचा, ना शेजाऱ्यापाजाऱ्यांचा!"

हे ऐतिहासिक उद्गार मोजणीकाकांनी काढले तेव्हा ते रजईत होते. संपूर्ण रजईत. बाहेर होतं ते फक्त नाक, आणि ते गार पडलं होतं. मानवजातीच्या वतीने हे उद्गार ऐकायला घरात एकट्या काकू होत्या. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "दूधवाला कधीचा दार वाजवतोय. उघडा."

मालमत्तेचा प्रश्न तिथेच तहकूब झाला.

मोजणीकाका म्हणजे जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. उभं आयुष्य त्यांनी तिपाईवरच्या दुर्बिणीला एक डोळा लावून काढलं. दुर्बिणीच्या दुसऱ्या टोकाला, लांब कुठेतरी बांधावर, एक माणूस उभी काठी धरून उन्हातान्हात थांबलेला असे. काका त्याला हात हलवून सांगत, "डावीकडे! आणखी जरा डावीकडे! अरे, माझ्या डावीकडे, तुझ्या नव्हे! हां. आता हलू नकोस." इतक्या वर्षांत काकांनी स्वतः काठी कधी धरली नाही. काठी धरायला माणूस असतो, अशी त्यांची समाजरचनेविषयीची साधी समजूत होती. सोसायटीतल्या पोरांनी त्यांना मोजणीकाका हे नाव ठेवलं, ते पोरांच्या आईबापांनी उचललं, आणि आता कुरिअरवालाही फाटकातून त्याच नावाने हाक मारतो. काकांना ते आवडत नाही. पण हाकेला ओ देतात.

उन्हाचा प्रश्न निघाला त्याला कारण होतं एक अर्धवट स्वेटर.

दर हिवाळ्यात, वर्ष संपता संपता शाळा-कचेऱ्यांना सुट्ट्या लागल्या, की काकांची मुलगी नातीला घेऊन राहायला यायची. यंदा फोन आला. जावयाची नवी नोकरी, रजा मिळत नव्हती. "आई, यंदा नाही गं जमत." काकू म्हणाल्या, "काही हरकत नाही. तब्येतीला जपा." फोन ठेवला. मग नातीसाठी विणायला घेतलेला लाल स्वेटर, ज्याची पाठ झाली होती, पोट झालं होतं, एक बाहीही झाली होती, तो सुयांसकट एका लाल पिशवीत भरला आणि पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवली.

"काय गं, विणत नाहीस?" दोन-तीन दिवसांनी काकांनी विचारलं.

"थंडीनं बोटं वळत नाहीत."

आता हे खरंही होतं. काकांचं घर तळमजल्यावर, सावलीच्या बाजूला. हिवाळ्यात तिथे सूर्य फक्त कॅलेंडरवर दिसे. फ्रिज उघडला की घरात जरा ऊब येते, असं काका पाहुण्यांना सांगत. पाहुणे हसत नसत, कारण त्यांचे दात वाजत असत. पण काकूंची बोटं अशा बऱ्याच हिवाळ्यांत व्यवस्थित वळली होती, हेही काकांना माहीत होतं. नवरा-बायकोत काही गोष्टी माहीत असतात आणि बोलायच्या नसतात. काकांनी फक्त रोज सकाळी उठल्यावर खुंटीकडे बघायचं ठरवून टाकलं. पिशवी तिथेच असायची.

सुट्ट्या अजून लागायच्या होत्या, पण बाहेर सगळीकडे उत्साह आधीच ओसंडत होता. दुकानांना दिव्यांच्या माळा, फाटकाशी बॅगांनी भरलेल्या गाड्या, जिन्यात पाहुण्यांच्या चपला. काकांना या सगळ्याचा राग नव्हता. फक्त दुसऱ्याच्या घरी पाहुणे आले की आपल्या घरातल्या रिकाम्या खुर्च्या उगाच मोठ्या दिसायला लागतात, इतकंच.

अशातच एका सकाळी काका कचरा टाकायला अंगणात गेले आणि त्यांना ऊन सापडलं.

सोसायटीच्या दोन इमारती समोरासमोर, आणि मधे फरसबंदी अंगण. हिवाळाभर काकांच्या इमारतीची सावली त्या अंगणावर ठाण मांडून बसलेली असते. पण सायकलींच्या पत्र्याच्या शेडपासून थोडं अलीकडे, बरोब्बर एका बाकाएवढा, पिवळाधमक उन्हाचा तुकडा पडला होता. काका कचऱ्याची बादली हातात घेऊन त्यात उभे राहिले. आधी पाय उबले, मग गुडघे, मग कानाच्या पाळ्या. ज्यांच्या पाळ्या गारठल्या नसतील त्यांना हे सुख समजावून सांगता येणार नाही. ऊन सरकेपर्यंत काका तिथेच उभे होते. आणि उभ्या उभ्या त्यांच्या मनात आलं, की इथे एक बाक टाकला तर? इथे बोटं वळतील. नाही वळली तर नाही वळली, पण मग थंडीचं कारण तरी सांगता येणार नाही.

काकूंना त्यांनी काहीच सांगितलं नाही. बाक तयार झाला की हाताला धरून न्यायचं, असा बेत होता.

साधा बाक. यात कसला घोळ होणार, असं तुम्हाला वाटेल. काकांनाही वाटलं होतं.

पण काका पडले मोजणी खात्यातले. "इथे कुठेतरी ऊन पडतं" या वाक्याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. त्यांनी जुना टेप काढला, खडू आणला, आणि रोज सकाळी त्या तुकड्याच्या चारही कडा फरशीवर आखायला सुरुवात केली. अंगणात ओणवे झालेले काका बघून प्राध्यापक वरच्या गॅलरीतून खाली आले. हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक, त्यामुळे त्यांना सगळ्याच विषयांवर मत असतं.

"काय काका, अंगणाचे प्लॉट पाडताय की काय?"

"ऊन मोजतोय."

"अरे वा! मागणी भरपूर आहे, पुरवठा कमी. भाव येईल."

काकांनी टेप पुढे सरकवला. ते कामात होते. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांची नजर जमिनीवरून हलत नसे. कोपरा, कडा, खुंट, खूण. एकदाही त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. शिवाय वर न पाहण्याला आणखी एक कारण होतं. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गाण्याच्या बाई राहत. सकाळी त्यांचा क्लास भरायचा आणि पंधरा-वीस मुलींचा सामुदायिक आक्रोश अंगणात उतरायचा. गाण्याच्या बाई आणि मोजणीकाका यांचं बोलणं बंद होतं. दोन वर्षांपूर्वी बाईंनी जुनी लाकडी खिडकी काढून तिथे भल्यामोठ्या काचेच्या झडपा बसवल्या, तेव्हा काकांनी सोसायटीच्या सभेत उभं राहून हरकत घेतली होती. "इमारतीच्या दर्शनी भागाची एकरूपता धोक्यात येते," असं ते म्हणाले होते. वाक्य त्यांना फार आवडलं होतं, म्हणून त्यांनी ते दोनदा म्हटलं. हरकत फेटाळली गेली. तेव्हापासून त्या खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं, हा काकांचा बाणा होता.

बाक मात्र झटक्यात मिळाला. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला होता आणि त्यांच्या बाहेरच्या खोलीतला बाक त्यांना नको होता. लोखंडी पाय, लाकडी फळ्या, भक्कम. एकच अडचण होती. आख्ख्या वस्तीने आयुष्यभर त्या बाकावर ताप, खोकला आणि पोटदुखी घेऊन वाट पाहिली होती. त्यामुळे बाक अंगणात आणून ठेवल्यावर जो कुणी त्यावर टेकायचा, तो मिनिटभरात आपोआप खोकायला लागायचा. वॉचमन बसला आणि त्याने काकांना आपली जीभ दाखवली.

मग सेक्रेटरी आले. आमच्या गोष्टीतले सेक्रेटरी विमा एजंट आहेत, म्हणजे कुठल्याही वस्तूकडे पाहिलं की ती कधी पडेल हे त्यांना आधी दिसतं.

"काका, बाक छान आहे. पण हा स्थावर की जंगम?"

"म्हणजे?"

"म्हणजे जंगम असेल, तर उचलून नेता येतो. उचलून नेता येतो म्हणजे चोरीला जातो. चोरीला गेला तर जबाबदार कोण? मी. त्यामुळे जंगम बाकाला समिती परवानगी देणार नाही."

"मग स्थावर करतो. पाय सिमेंटात गाडतो."

"स्थावर म्हणजे बांधकाम झालं. बांधकामाला वॉर्ड ऑफिसचं ना-हरकत लागतं."

"अहो, बसायचा बाक आहे तो!"

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. बाकाला कुठे माहीत?"

सेक्रेटरींचं हे बोलणं काकांना मनातून पटलं, हे त्यांचं दुर्दैव. आयुष्यभर त्यांनी लोकांना याच प्रकारची उत्तरं दिली होती. फक्त कचेरीच्या खिडकीच्या आतल्या बाजूने.

वॉर्ड ऑफिसात सुट्टीच्या आधीचं वातावरण होतं, म्हणजे अर्धी माणसं गेलेली आणि उरलेली जायच्या तयारीत. बांधकामाच्या टेबलावरचे कारकून संत्रं सोलत होते. काकांनी ऐटीत नकाशा उलगडला. रात्रीचा दिवस करून काढलेला, प्रमाणात, उत्तर दिशेच्या बाणासकट. मधोमध पिवळ्या रंगाने उन्हाचा तुकडा.

"हे पिवळं काय?" कारकुनांनी एक फोड तोंडात टाकत विचारलं.

"ऊन."

"कुणाच्या नावावर आहे?"

"ऊन? ऊन सगळ्यांचं असतं!"

"मग सगळ्यांच्या सह्या आणा."

काका थक्क झाले. मग त्यांच्यातला जुना सरकारी माणूस जागा झाला. ते जरा पुढे वाकून म्हणाले, "पिवळा भाग माहितीसाठी दाखवलाय. अर्ज फक्त बाकाच्या चार पायांपुरता आहे." कारकुनांनी संत्रं खाली ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत आदर दाटून आला. आपल्यातला माणूस आहे, हे त्यांनी ओळखलं. "आधी बोलायचं नाही का, साहेब," ते म्हणाले आणि संत्र्याच्या हातानेच शिक्का मारला. त्या ना-हरकतीला अजून वास येतो.

एवढं होईपर्यंत सुट्ट्या लागल्या होत्या. गवंडी मिळेना. जो मिळाला त्याची गावी जायची गाडी संध्याकाळची होती. त्याने धावतपळत खड्डे खणले, खडूच्या खुणांवर बाक उभा केला, सिमेंट ओतलं आणि जाता जाता बजावलं, "काका, सुकेपर्यंत कुणाला बसू देऊ नका. आणि एकदा सुकला ना, की मग भूकंप झाला तरी हलायचा नाही." हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा.

सुकेपर्यंत काका मफलर बांधून बाकाशेजारी पहाऱ्याला बसले. ढगाळ हवा होती, ऊन नव्हतं, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. सेक्रेटरी सिमेंट ओलं आहे का हे पाहायला आले आणि बूट घालून पाहून गेले. तो ठसा अजून आहे. एक कुत्रा आला. त्याचाही आहे. काकू दारातून विचारत, "अहो, थंडीत काय बसलाय तिथे?" काका म्हणत, "सोसायटीचं काम आहे." सोसायटीचं काम म्हटलं की घरात पुढे कुणी विचारत नाही.

मग ती सकाळ उजाडली. आभाळ स्वच्छ, निळं, एक ढग नाही. काकांनी दाढी केली. इस्त्रीचा सदरा घातला. सेक्रेटरी, प्राध्यापक आणि वॉचमन हजर होते. सुट्टीत गावाला न गेलेली आणखी चार-सहा माणसं गॅलऱ्यांतून वाकली होती. काकांनी आभाराचं छोटंसं भाषणही तयार ठेवलं होतं. ते घरात शिरले आणि म्हणाले, "चल खाली. म्हणजे, बाहेर. जरा काम आहे."

"काय काम?"

"चल तर." आणि सहज बोलल्यासारखं दाखवत, "ती लाल पिशवी घे हवी तर बरोबर."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. पिशवी घेतली नाही. पण पदर सारखा करून निघाल्या.

बाक दिमाखात उभा होता. खडूच्या खुणांवर, एक रेष इकडे नाही की तिकडे नाही. फक्त त्यावर ऊन नव्हतं.

सगळे थांबले. उन्हाची वेळ झाली. उन्हाची वेळ टळली. ऊन आलं नाही. वर छपरांवर सूर्य हसत होता, सायकलींच्या शेडचा पत्रा चकाकत होता, आणि बाक आपला गार सावलीत, पेशंटची वाट बघत उभा.

"उन्हाला झालं काय?" सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं.

"पृथ्वीचा अक्ष कललेला असतो," प्राध्यापक म्हणाले. "हिवाळ्यात सूर्य सरकतो. काकांनी मोजलं त्या दिवसापासून आतापर्यंत तो सरकला असणार."

"इतका? बाकभर?"

"मग सुट्टीवर गेला असेल!" सेक्रेटरी म्हणाले आणि गॅलऱ्या हसल्या.

काका टेप काढून ओणवे झाले. सगळी मापं बरोबर होती. हे फार वाईट असतं. माप चुकलं तर माणूस दुरुस्त तरी करतो. माप बरोबर येऊन जगच चुकलं तर टेप घेऊन कुठे जायचं? त्यांचे कान लाल झाले, थंडीने नव्हे.

काकूंना एव्हाना सगळा प्रकार उमगला होता. खडूच्या रेषा, पहारा, नकाशा, लाल पिशवी. त्या पुढे झाल्या. सरळ जाऊन त्या गारठलेल्या बाकावर बसल्या, हात मांडीवर ठेवले, आणि म्हणाल्या, "छान आहे हो. भक्कम आहे." आणि थोड्या खोकल्या.

हे ऐकून काकांना जे वाटलं ते सेक्रेटरींच्या विनोदाने वाटलं नव्हतं. ऊन नसलेल्या बाकाला छान म्हणणाऱ्या बायकोकडे नवऱ्याने कोणत्या तोंडाने बघायचं? ते फरशीकडेच बघत राहिले.

तेवढ्यात समोरच्या दुसऱ्या मजल्यावर खट् असा आवाज झाला. गाण्याच्या बाईंनी खिडकी उघडून सतरंजी झटकायला घेतली. आणि तो पिवळाधमक तुकडा सायकलींच्या पत्र्यावरून उडी मारून अंगणात उतरला, फरशीवरून घसरत आला आणि बरोबर काकूंच्या मांडीवर जाऊन बसला. काकूंनी नकळत दोन्ही तळवे वर केले. बाईंनी सतरंजी झटकली, खिडकी ओढून घेतली. तुकडा परत पत्र्यावर.

कुत्र्यानेही मान वर केली. आणि काकांनी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, जमिनीवरची नजर उचलून वर पाहिलं.

"म्हणजे," प्राध्यापक सावकाश म्हणाले, "ऊन सूर्याचं नव्हतंच. ऊन खिडकीचं होतं."

"त्याच खिडकीचं," सेक्रेटरी म्हणाले. "काका, तुमचं ते वाक्य काय होतं हो? दर्शनी भागाची..."

"कळलं," काका म्हणाले. "कळलं."

सगळा हिशोब एका क्षणात लागला. क्लास भरला की खोलीत मुलींची दाटी, म्हणून खिडकी उघडी आणि काचेवरून परतलेलं ऊन अंगणात. सुट्ट्या लागल्या, मुली गेल्या, खिडकी बंद. काकांनी जे मोजलं होतं ते ऊन नव्हतं, गाण्याच्या क्लासचं वेळापत्रक होतं. आणि आता बाक स्थावर झाला होता. भूकंप झाला तरी हलणार नव्हता.

काकूंनी वर पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "राहू दे हो. कशाला तिच्याकडे जाताय? मी बसेन अशीच. काय थंडी वाजते एवढी?"

त्यांच्या हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली होती.

काका जिना चढायला लागले.

दोन मजल्यांच्या जिन्यात त्यांनी तीन भाषणं तयार केली. पहिल्यात स्वतःची भूमिका स्पष्ट करणं होतं, दुसऱ्यात एकरूपतेच्या संकल्पनेत झालेले बदल होते, तिसरं फक्त दम लागल्याचं होतं. दार उघडलं तेव्हा तिसरंच तोंडात होतं.

"या, साहेब," गाण्याच्या बाई म्हणाल्या. गळ्याभोवती लोकरीची शाल, हातात वाफाळता चहा. मागे खोली. भिंतीला लावून ठेवलेल्या चटयांच्या गुंडाळ्या, कोपऱ्यात झाकून ठेवलेली पेटी. एरवी अंगण दणाणून सोडणारी ती खोली इतकी गप्प होती, की काकांना आपल्या घराची आठवण झाली.

"बाई, एक विनंती होती. तुमच्या त्या खिडकीसंबंधी."

"आता काय धोक्यात आलं?"

"ती... जरा उघडी ठेवता येईल का? सकाळची. आमच्या हिच्यासाठी." आणि मग एकदम सगळंच बाहेर पडलं. मुलीचा फोन, स्वेटर, दुसरी बाही, वळत नसलेली बोटं, नकाशा, संत्रं. बाई ऐकत राहिल्या. चहा निवला.

"माझ्याही मुली गेल्या बघा," त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या. "वर्षभर म्हणते, कधी एकदा सुट्टी लागते आणि कान निवतात. आणि सुट्टी लागली की दुसऱ्याच दिवसापासून करमत नाही. काल तर मी रेडिओलाच चुका सांगत बसले होते."

"मग ठेवाल उघडी?"

"ठेवते की. पण आकडी तुटलीय हो तिची. वाऱ्याने झडप आपटते. कुणीतरी धरून बसावं लागतं."

"मग क्लासमध्ये कोण धरतं?"

"जिला सूर सापडत नाही ना, तिला बसवते खिडकीशी. तेवढंच तिला काम, आणि बाकीच्यांना बरं."

"मी दोरीने बांधतो."

"बांधा. पण सूर्य पुढे जातो आणि ऊन बाकावरून सरकतं. तुम्ही तर मोजणीतले. दर थोड्या वेळाने झडप इकडची तिकडे करावी लागेल, नाही का?"

करावी लागणार होती. हे काकांना त्यांच्याहून चांगलं कळत होतं. बाईंनी चहाचा कप ठेवला, खुर्ची खिडकीशी सरकवली, पायांत चपला घातल्या.

"बसा तुम्ही. चहा आहे भांड्यात, गरम करून घ्या. मी जरा खाली जाऊन येते. उघड्या खिडकीशी माझा गळा धरतो, त्यापेक्षा उन्हात बसलेलं बरं."

आणि दोन वर्षं तोंड न दाखवलेल्या माणसावर घर सोपवून बाई गेल्यासुद्धा. काका, माजी मोजणी अधिकारी, सूर न सापडणाऱ्या मुलीच्या जागेवर बसले. झडपेची कड दोन्ही हातांत धरली. बाहेरचा वारा थेट नाकावर येत होता. नाक पुन्हा गार पडलं.

खाली, पिवळा तुकडा बाकावर स्थिरावला होता. काकू एका टोकाला सरकल्या आणि बाईंना जागा झाली. दोघी आधी जरा अवघडून बसल्या, मग बाई खोकल्या, मग काकू खोकल्या, आणि मग दोघी हसायलाच लागल्या. प्राध्यापक उभ्याउभ्याच पाठ शेकत होते. सेक्रेटरी बाकाचा पाय हलवून पाहत होते, तो हलेना म्हणून खूश झाले होते. वॉचमनने आपली खुर्ची आणून उन्हाच्या कडेला लावली. सुट्टीत कुठेही न गेलेली आणि जिच्याकडे कुणी आलं नाही अशी सगळी मंडळी त्या एका तुकड्यावर जमली होती.

काका वरून बघत राहिले. त्यांनी आभाराचं जे भाषण तयार केलं होतं ते आता कुणाला ऐकवायचं, हा प्रश्नच होता. खरं तर त्यात बरीच दुरुस्ती करायला हवी होती. सेक्रेटरींनी स्थावर-जंगमचा घोळ घातला नसता तर बाक एव्हाना घाईघाईने भलतीकडे हलवला गेला असता. संत्रं खाणाऱ्या कारकुनांचेही उपकार होतेच. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी हात वर करून त्यांची हरकत फेटाळली, त्या तमाम सभासदांचे तर जाहीर आभार मानायला हवे होते. आपण तेव्हा जिंकलो असतो तर आज अंगणात अंधार असता, हे कळायला माणसाला किती जिने चढावे लागतात!

मग त्यांनी पाहिलं, की काकू उठल्या. घरात गेल्या. काकांचा हात झडपेवर आवळला. काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात लाल पिशवी होती. त्या परत बाकावर बसल्या, सुया काढल्या, आणि मांडीवर फोन ठेवून मोठ्याने बोलू लागल्या, कारण लांबच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं अशी त्यांची ठाम समजूत आहे.

"अगं, नाही जमत तर नाही जमत. पार्सलनं पाठवते. तिचा हात समोर घे आणि मनगटाचं माप घेऊन सांग बघू. तुझ्या अंदाजाने नको, टेपने घे. कुठे? अंगणात. उन्हात! बाबा कुठे? ते वर आहेत, बाईंच्या घरी. खिडकी धरून बसलेत. अगं, खरंच!"

फोनमधून नातीचं हसणं दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आलं. काकांनी आपला डोळा पुसला. वारा फार होता.

सूर्य थोडा पुढे सरकला असावा. खाली काकूंनी मान वर केली, डोळ्यांवर हाताची सावली धरली आणि विणायची सुई हवेत हलवली.

"अहो! जरा डावीकडे!"

काकांनी झडप हलवली.

"आणखी जरा डावीकडे! अहो, माझ्या डावीकडे, तुमच्या नव्हे!"

काकांनी झडप पुन्हा हलवली. ऊन लाल बाहीवर येऊन थांबलं. आता काहीतरी बोलावं, निदान त्या भाषणातलं एखादं वाक्य तरी, असं त्यांना फार वाटलं. त्यांनी घसा खाकरला आणि खिडकीतून पुढे वाकले.

"मला सगळ्यांना इतकंच सांगायचं आहे, की..."

"हलू नका हो," काकू खालून म्हणाल्या. "टाके मोजतेय."